चढावर दम सोडणारी जीप

लातूरच्या आमच्या घरात सकाळी उठवायचं काम माणसाकडं नव्हतं, जीपकडं होतं. अंगणातल्या शेवग्याखाली ती रात्रभर उभी असायची. दिवस उजाडायच्या सुमाराला पिराजीमामा यायचे, गळ्यातल्या टॉवेलनं काच पुसायचे आणि किल्ली फिरवायचे. आधी थोडा वेळ काहीच नाही. मग पोटातून निघाल्यासारखा एक खाकरा, मग दुसरा, आणि मग सगळ्या घराला कापरं भरायचं. मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींवर वाजायच्या, खिडकीचा सुटा गज थरथरायचा, आणि चुलीपुढून आई ओरडायची, "उठा ग, मामानं मांडणी वाजवली." माझ्या आयुष्यातला पहिला चमत्कार विचाराल तर हाच. एक माणूस मनगट फिरवतो आणि दोन खोल्यांपलीकडचं पितळ बोलू लागतं.

बापूंनी कापसाच्या जिनिंगमधलं काम सोडून ही जीप घेतली होती. ती लातूरहून नांदेडला जायची आणि संध्याकाळी परत यायची. चाकूर, अहमदपूर, लोहा, जिथं हात दाखवाल तिथं थांबायची. बापू स्वतः क्वचित चालवत. चालवायचे ते पिराजीमामा, लातूरजवळच्या मुरुडचे. अंगानं बुटके. समोरचा रस्ता नीट दिसावा म्हणून बायकोनं शिवलेली वाकळ चौपदरी घडी करून सीटवर टाकायचे आणि तिच्यावर बसायचे. सकाळी आई त्यांना ताटलीभर सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, द्यायची, वर शेंगदाणे मोजके आणि हिरवी मिरची भरपूर, आणि दुपारसाठी फडक्यात तीन धपाटे बांधून द्यायची. मामा ताटली घेऊन जीपच्या पायरीवर बसायचे. "वहिनी, मिरची टाकलाव का मुरमुऱ्याला खिंडीत गाठून मारलाव?" असं काहीतरी रोज म्हणायचे, आणि आई रोज हसायची. मला ते अक्का म्हणायचे. मी सतरा वर्षांची, आणि ते माझ्या बापाच्या वयाचे.

मी अकरावी सायन्सला होते. लातुरात सायन्सला असणं म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मी पुस्तक उघडलं की बापू रेडिओ बंद करत. पाहुणे आले तर आई दारातच तोंडावर बोट ठेवी. बापू स्वतः चौथी शिकलेले; माझ्या वहीतल्या आकृत्या उदबत्ती लावायच्या आधी धुवावेत तसे हात धुऊन ते बघायचे. एकदा मी पाऱ्याची नळी काढली होती, हवेचा दाब दाखवणारी. बापू बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजी आपल्या डोक्यावर एवढी हवा बसून राहिली, अन् आपल्याला ठावच न्हाई?" मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं. आज नांदेडच्या एका कॉलेजात पोरांना तेच शिकवते, आणि दर वर्षी त्या आकृतीपाशी आले की माझा आवाज थोडा खाली जातो. पोरांना वाटतं, मॅडमचा घसा बसला.

कॉलेजला मला जीप सोडायची, मग स्टँडवर जायची. डिझेलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, तिचं तोंड बाहेरच्या बाजूला. त्या वासात मी रोज अर्धा तास बसायची, आणि तो वास माझ्या वेणीत, ओढणीत, वह्यांत जाऊन बसायचा. प्रयोगशाळेत माझ्या शेजारची एक मुलगी नाकाला रुमाल लावून म्हणायची, "सरका ग, टँकर आला." सगळ्या हसायच्या. मीही हसायची. घरी येऊन दोनदा अंग धुवायची.

एका रविवारी मामा गावी गेलेले असताना मी जीपभोवती फिरून वास कुठून येतो ते हुडकून काढलं. टाकीच्या टोपणाला मधोमध एक बारीक भोक होतं, ज्वारीच्या दाण्याएवढंही नाही. नाक लावलं तर वास तिथूनच. मला इतका आनंद झाला! एवढे दिवस कुणाच्या लक्षात न आलेलं मी शोधलं होतं. टोपणाला भोक असतं का कधी? झिजलं असणार. मी आत गेले आणि आईचा करंडा उघडला. आई जुन्या वळणाची; कपाळाला आधी बोटभर मेण लावायची आणि त्यावर कुंकू टेकवायची, म्हणजे ते दिवसभर जागचं हलत नसे. त्या मेणाची गोळी करून मी भोकात दाबली, वरून अंगठ्यानं सारवली, आणि डाग दिसू नये म्हणून त्यावर धूळ चोळली. सोमवारी वास बराच कमी झाला. डिझेलच्या वाफेनं मेण मऊ पडायचं, तेव्हा दर आठवड्याला मी नवं भरायची. आई करंडा उघडून म्हणायची, "मेण कोण खाऊन राहिलंय ग घरात?" मी पुस्तकातून मान वर करत नसे.

त्यानंतर जीप आजारी पडली. पण हे "त्यानंतर" मला तेव्हा दिसलं नाही. मला त्या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या, आणि मी सायन्सला होते.

आजार विचित्र होता. सकाळी जीप झकास सुरू व्हायची, गावातून पळायची, चाकूरपर्यंत तक्रार नाही. अहमदपूरच्या पुढं चढ लागला की मामा ॲक्सिलेटर दाबायचे आणि ती उलट मागं ओढल्यासारखी व्हायची. जितकं दाबाल तितकी मरगळायची. तिसऱ्याचा दुसरा गिअर, दुसऱ्याचा पहिला, आणि मग माणसाच्या चालीनं कण्हत, दचके खात वर. शेळ्यावाली बाई बाजूनं पुढं जायची. चढाच्या अर्ध्यावर बंद करून दहा-पंधरा मिनिटं उभी केली की पुन्हा थोडी पळायची. मामांनी फिल्टर बदलला, नळ्या फुंकल्या. उपयोग शून्य. आणि एक गोष्ट त्यांनीच बापूंना सांगितली, प्रामाणिकपणे, आणि तीच त्यांच्या गळ्याशी आली. ते म्हणाले, "बापू, पंपावर डिझेल भरलं का लगेच चांगली पळती बघा. वीस-पंचवीस किलोमीटर. मंग पुन्हा मरती."

बापूंनी याचा अर्थ लावला. पंपावरचं डिझेल चांगलं. मग पुढं ते खराब कशानं होतं? अहमदपूरला मामा चहाला थांबतात. तिथं डिझेल काढून विकायचं आणि वर तेवढंच रॉकेल ओतायचं, हा धंदा त्या रस्त्यावर काही जण करायचे. मामांनी आणखी एक सांगितलं होतं, "सीटखाली टाकी बोलती बापू. टण्ण करती, मंगच दम सोडती." त्यावर बापू म्हणाले, "टाकी बोलती म्हणं! मंग इचार की तिला, डिझेल कुणाला पाजून राहिलीस म्हणावं." स्टँडवरचे दोन ड्रायव्हर तेव्हा तिथं होते. ते हसले. मामा हसले नाहीत.

मग बापूंनी माझ्याकडं बघितलं. "सुमन, तुमच्या सायन्समध्ये असंल की काही. रॉकेल हाय का न्हाई कळायचं."

होतं. पांढऱ्या टीपकागदावर दोन थेंब टाकायचे, एक पंपावरच्या डिझेलचा, एक टाकीतला. रॉकेल लवकर उडतं, डाग फिका पडतो. डिझेल तेलकट राहतं. मी कुठंतरी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाट मांडला, त्यावर कागद. बापू, ते दोघे ड्रायव्हर, पदराला हात पुसत आलेली आई, आणि जीपला टेकून उभे पिराजीमामा. मी दोन थेंब टाकले. सगळे वाकून बघायला लागले, जसं सत्यनारायणाला बघतात. ऊन वर चढलं. शेवग्यावर चिमण्या भांडत होत्या. कागदावर दोन गोल डाग पसरले.

आज पहिल्यांदा लिहिते आहे. ते दोन्ही डाग सारखे होते. अगदी सारखे. मी कागद उन्हात धरला, तिरका केला, हातांनी वारा घातला. फरक नव्हता. "काही कळत नाही" एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण बापूंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला सोडवेना. त्या दोन ड्रायव्हरांसमोर ते माझ्याकडं असे बघत होते की माझ्या तोंडून आता वेदच निघणार.

मामाच बोलले. "अक्का, तू सांग. तू सांगशील ते मला कबूल. काय दिसलं कागदावर?"

मी म्हणाले, "रॉकेल आहे."

मामांनी वाद घातला नाही. क्षणभर माझ्याकडं बघितलं, नवल वाटल्यासारखं, जसं घरातलं मांजर ओचकारल्यावर माणूस बघतो. मग जीपचं दार उघडून सीटवरची वाकळ काढली, झटकली, काखेत मारली आणि किल्ली पाटावर ठेवली. आई म्हणाली, "मामा, सुशीला तरी खाऊन जावा." ते फाटकातून बाहेर पडले होते. ते स्टँडवर पोचायच्या आधी ती बातमी पोचली, आणि महिनाभरात त्यांचं नाव रॉकेल्या पडलं. त्या रस्त्यावर त्यांना पुन्हा कुणी गाडी दिली नाही. आई मात्र पुढं कितीतरी दिवस सवयीनं तीन धपाटे जास्तीचे थापायची, आणि मग ते संध्याकाळपर्यंत फडक्यात तसेच राहायचे.

जीप बरी झाली नाही. बापू स्वतः चालवू लागले आणि ती त्यांनाही चढावर तशीच दगा देऊ लागली. बापू म्हणाले, रॉकेल टाकीत मुरलंय, धुवावी लागंल. नांदेडला देगलूर नाक्याजवळ कादर उस्तादांचं पत्र्याचं शेड होतं. शनिवारी मला आत्याकडं सोडायचं होतं, म्हणून मीही बरोबर होते.

उस्ताद वाळक्या अंगाचे, पांढऱ्या दाढीचे. लुंगी वर खोचलेली, हातात कप. समोर एका ट्रकचं इंजिन उघडं पडलं होतं आणि ते त्याच्याशेजारी आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसले होते. बापू म्हणाले, "उस्ताद, आधीच्या ड्रायव्हरनं रॉकेल घातलंय. टाकी धुवून द्या."

"दवा बाद में बोलो बापूसाब," उस्ताद म्हणाले. "पैले दुखता किदर, वो बोलो."

बापूंनी सगळं सांगितलं. उस्तादांनी कप खाली ठेवला. "दम छोडते वक्त धुवां कैसा आता? काला?"

बापूंना ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "धूरच येत नाही. आत्ता येताना चढावर मी मागं वळून बघितलंय."

उस्तादांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "शाबास. काला धुवां मतलब खाना जास्ती, हवा कम. धुवांच नईं, मतलब पेट में खानाच नईं जा रा." मग त्यांनी बॉनेट उघडलं, फिल्टरवरचा एक नट किंचित सैल केला आणि अंगठ्यानं पंपाची छोटी दांडी दाबत राहिले. डिझेल बाहेर आलं, एकही बुडबुडा नाही, म्हणजे नळीत कुठून हवा शिरत नव्हती. त्यांनी दोन बोटांत ते चोळलं, हुंगलं. नट आवळला. "चलो. जिदर मरती उदर ले चलो."

लोह्याच्या रस्त्याला लागलो. बापू चालवत होते, मी शेजारी, उस्ताद मागच्या बाकावर डोळे मिटून. वाटेत बापूंना सिगारेटसाठी थांबायचं होतं, उस्ताद म्हणाले, "नक्को. बंद नक्को करो, उसकू थकने देव." गाडीला मुद्दाम थकवायचं, हे मला कोणत्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. आमचं सगळं डोकं ती बरी कशी होईल यात, आणि हा माणूस ती नीट आजारी पडायची वाट बघत होता.

चढ आला. बापूंनी दाबलं. तिसरा, दुसरा, पहिला. इंजिन कण्हायला लागलं. आणि सीटखालून आवाज आला: टण्ण.

उस्तादांचे डोळे उघडले. "सुने?"

"ते असंच वाजतंय," बापू म्हणाले. "पिराजी बी म्हणायचा, टाकी बोलती."

"अच्छा कान था उसका," उस्ताद म्हणाले. आणि चालत्या जीपमधून मागनं उतरले. इतकी हळू चालली होती ती की म्हातारा माणूस बाजूनं चालत आला आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर चढून उभा राहिला. एका हातानं हुडाचा गज धरला, खाली वाकले, आणि खांद्यावरचं फडकं टोपणावर टाकून दुसऱ्या हातानं पिळायला लागले. टोपण हलेना. जणू आतून कुणी धरून ठेवलं होतं. "दबाके रखो बापूसाब, छोडना नईं!" बापू घामाघूम. इंजिन आता दोन-चार आचक्यांचं धनी. उस्तादांच्या मनगटाची शीर तट्ट फुगली, आणि टोपण सुटलं.

तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. सूंऽऽऽ. बाहेर येणारा नव्हे, आत जाणारा. पाण्यात बुडालेला माणूस वर येऊन पहिला श्वास घेतो, तसा लांब, न संपणारा. सीटखाली पत्रा डब्ब करून फुगला. एक क्षण, दोन क्षण, आणि जीपनं अशी उसळी मारली की माझं डोकं मागं आपटलं. बापूंनी दुसरा टाकला, तिसरा टाकला. चढ खालून सरकायला लागला. उस्ताद पायरीवर लटकत होते, दाढी वाऱ्यावर, टोपण हातात उंच धरलेलं, आणि पोरासारखे हसत होते. मला रडू येत होतं, आणि का ते तेव्हा मला कळलं नाही. देवळात काकड्याच्या वेळी आत पडदा सरतो तेव्हा तसं होतं.

चढाच्या माथ्यावर जीप लावली. उस्तादांनी पाण्याची प्लॅस्टिकची बाटली रिकामी केली आणि माझ्या हातात दिली. "तोंड लगाके खींच." मी ओढलं. बाटलीच्या भिंती आत गेल्या, टण्ण. "अब और खींच." ओढता येईना. "बस. इंजिन इत्ताच बोल रा था. मैं पी रा हूँ, पर पिये उसकी जगा हवा तो आने देव. इसके वास्ते टोपन कू छेद रैता. पंप पे टोपन खोले, हवा गई, गाडी दौडी. फिर बंद किये, फिर घुटी." मी बाटली हातात धरून उभी होते. पाऱ्याची नळी, हवेचा दाब, सगळ्या बाजूंना सारखा. मला त्या आकृतीला पैकीच्या पैकी मार्क होते. आणि ते सगळं महिनाभर माझ्या शेजारच्या सीटखाली चाललं होतं, आणि ते ज्याला ऐकू आलं त्याला आम्ही घालवून दिलं होतं.

उस्तादांनी टोपण उलटं-सुलटं केलं. नखानं भोक कोरलं. नखावर मेण आलं. त्यांनी ते अंगठ्यावर पसरलं आणि त्यात लाल छटा दिसली. कुंकवाच्या मेणाला ती लागतेच. ते अंगठ्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. माझ्याकडं बघणं अर्ध्या श्वासाचं असेल. बापूंनी विचारलं, "कशानं बुजलं?"

"मिट्टी," उस्ताद म्हणाले, आणि अंगठा फडक्याला पुसला.

त्यांनी खिशातून स्टोची पिन काढली आणि टोपणासकट माझ्या हातात दिली. "ले बेटी, तूच साफ कर." मी भोक साफ केलं. बोटं तांबूस झाली. मी ती मुठीत मिटली.

तेव्हा बापूंनी विचारलं. ते काही मूर्ख नव्हते. "सुमन, मंग ते रॉकेल?" मी टोपण बसवायला टाकीकडं वाकले. त्यांनी पुन्हा विचारलं, हळू, जवळ येऊन, "हाय ना ग? तू कागदावर बघितलंस ते. रॉकेल होतं ना?"

उस्ताद म्हणाले, "तेल तो साफ है बापूसाब."

"पोरगी सायन्सला हाय उस्ताद," बापू म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि त्याच्या खाली काहीतरी दुसरंही होतं. आज मला वाटतं, ती विनवणी होती.

मी म्हणाले, "होतं. रॉकेल पण होतं."

"फिर हम क्या बोलें," उस्ताद म्हणाले आणि जीपमध्ये मागं जाऊन बसले. परत येताना जीप वाऱ्यासारखी पळाली. 

मेण लावलं ती चूक होती. कागदाजवळ बोलले तो गर्व होता. माथ्यावर जे बोलले त्याला मी अजून नाव दिलेलं नाही. माणसाला परत बोलावता येत होतं, एका वाक्यात, आणि मी ते वाक्य गिळलं. पुढं मी एमएस्सी झाले, नोकरी लागली, संसार झाला. हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगायची वेळ आली की मला ओट्यावर काहीतरी काम निघायचं.

या वर्षी बापूंचं सहस्रचंद्रदर्शन झालं. दिव्यांची ओवाळणी झाल्यावर सगळ्यांनी त्यांना बोलायला लावलं, आणि ते उठून माझीच गोष्ट सांगायला लागले. एका टीपकागदावर माझ्या पोरीनं चोर कसा धरला. टाळ्या झाल्या. माझी मुलगी, आता ती सतरा वर्षांची आहे, माझ्याकडं ज्या नजरेनं बघायला लागली ती नजर मी ओळखते.

पुढच्या रविवारी मी मुरुडला गेले. पिराजीमामांचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात शेंगा वाळत घातल्या होत्या आणि मामा काठी घेऊन कोंबड्या हाकत बसले होते. पुढं आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले, हंगामापुरते. त्यांनी मला ओळखलं, बसायला पोतं सरकवलं. मी सगळं सांगितलं, मेणासकट. ते काठीनं जमिनीवर रेघा ओढत ऐकत होते. मला वाटलं रागावतील, किंवा माफ करतील. दोन्हीची तयारी करून गेले होते.

ते म्हणाले, "अक्का, मला कामून सांगून राहिलीस? म्या रॉकेल टाकलं न्हवतं हे मला ठावच हाय की. ज्याला ठाव न्हाई त्याला सांग."

बापूंना सांगायला मला अकरा दिवस लागले. लातूरला भावाच्या घरी, दुपारी, ते ताटावर बसले होते. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी. मी बोलले तेव्हा त्यांचा घास हातात राहिला. त्यांनी मेणाचं काही विचारलं नाही. कागदाचंही नाही. घास ताटात परत ठेवून म्हणाले, "उस्तादापुढं मी तुला दोनदा इचारलं होतं."

"हो बापू."

"दोनदा इचारलं होतं ग." आणि हात धुऊन उठले. संध्याकाळी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ते धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसले होते, काठी मांडीवर. मी गाडी काढली. मुरुडपर्यंत ते काठीची मूठ चोळत बसले. मामांच्या गल्लीत उतरलो, मामा दारात आले, सुनेला चहा ठेवायला सांगत म्हणाले, "बापू! या, आत या."

बापू आत गेले नाहीत. गल्लीच्या मधोमध उभे राहिले. एका अंगाला नळावर बायकांची रांग होती, दुसऱ्या अंगाला पिठाच्या गिरणीपाशी माणसं. बापूंनी काठी दोन्ही हातांत धरली आणि ज्या आवाजात ते एके काळी स्टँडवर "नांदेड, नांदेड" ओरडायचे, त्या आवाजात म्हणाले, "पिराजीनं रॉकेल टाकलं न्हवतं! म्या चोर म्हणलो. त्यो चोर न्हवता!"

नळावरची भांडी थांबली. गिरणीतून कुणीतरी बाहेर आलं. ऐंशी वर्षांचा आवाज तेवढ्यानं फाटला होता. त्यांनी खाकरून तो जागेवर आणला आणि माझ्याकडं वळून बघितलं. पिराजीमामाही बघत होते. नळावरच्या बायकाही.

मी पदर खोचला, गल्लीच्या मधोमध बापूंच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि शेवटच्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायला सुरुवात केली.